मास्तरांचा डावा हात

छोटीला तो हात पहिल्यांदा दिसला एका सोमवारी सकाळी, आणि तेव्हापासून तिच्या जिवाला थारा राहिला नाही.

छोटी म्हणजे कुणी लहान पोर नव्हे. बाइंडिंगच्या कारखान्याची मालकीण, वय वर्षं सेहेचाळीस, कानाजवळचे केस पांढरे, गुडघे कुरकुरते. पण सातव्या वर्षी वडिलांचं बोट धरून ती कारखान्यात आली तेव्हा कटिंगमास्तरांनी तिला पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसवून 'छोटी' म्हटलं, आणि ते नाव खळीने चिकटवल्यासारखं चिकटलं ते चिकटलंच. चारचौघांत मास्तर तिला 'बाई' म्हणत, एकट्यात मात्र छोटीच. वडील गेल्यावर तिला या नावाने हाक मारणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

त्या सोमवारी नव्या कामाचा पहिला काप बघायला म्हणून ती मशीनपाशी उभी राहिली. कापायचं मशीन म्हणजे एक लोखंडी टेबल आणि त्याच्या डोक्यावर टांगलेलं लांबलचक पातं. कागदाचा गठ्ठा आत सरकवायचा, डाव्या हाताने थोपटून कडा सारख्या करायच्या, हात काढायचा, उजव्या हाताने दांडा ओढायचा. खट् असा आवाज होतो आणि शेकडो कागदांची कड एका दमात साफ निघते. पात्याला कागद काय आणि बोट काय, दोन्ही सारखीच. म्हणून वडिलांनी नियम घालून दिला होता, की मास्तर मशीनवर असताना त्यांना कुणी हाक मारायची नाही. ज्याला काम असेल त्याने समोर येऊन उभं राहावं, मास्तर वर बघतील तेव्हा बोलावं. एकदा खुद्द बँकेचे साहेब असे वीस मिनिटं टाय सावरत उभे राहिले होते.

मास्तरांनी गठ्ठा आत सरकवला, डावा हात त्यावर ठेवला, आणि त्या हाताची शेवटची दोन बोटं थरथरली. फार नाही. नवख्याला दिसलंही नसतं. पण एकोणचाळीस वर्षं जिने तो हात बघितला होता तिला ते दिसलं. मास्तरांनी हात काढला, दांडा ओढला. काप सुतासारखा सरळ आला होता.

"काय बाई?" त्यांनी वर बघत विचारलं.

"काही नाही. छान आलाय," ती म्हणाली आणि आपल्या केबिनमध्ये येऊन पाणी प्यायली.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, सरळ विचारायचं! मास्तर, हात का थरथरतोय? झालं. पण नेमका तोच प्रश्न विचारायची सोय उरलेली नव्हती, आणि न विचारून भागणारही नव्हतं. या दुसऱ्या गोष्टीची खबर छोटीला इतर मालकांच्या आधी लागली होती, कारण त्या गठ्ठ्यातल्या पुस्तिका म्हणजेच नवा कायदा होता. राज्याच्या कामगार खात्याने मालकांसाठी पुस्तिका छापून घेतली होती आणि बांधणीचं काम छोटीला मिळालं होतं. घड्या घालता घालता तिने ती वाचून काढली. पान अठरावर येऊन तिचा हात थांबला. धोक्याच्या मशीनवर काम करणारा माणूस त्या कामाला धडधाकट आहे की नाही, हे बघायची जबाबदारी मालकाची. माणूस साठीच्या पुढचा असेल तर विशेष. मालकाला दिसत असून किंवा दिसायला हवं असून अपघात झाला, तर खुद्द मालकाला दोन वर्षांपर्यंत तुरुंग. येत्या एक तारखेपासून लागू. मास्तर चौसष्टचे होते.

हे झालं राज्याचं. शहराच्या पालिकेने दीड महिना आधीच आपला वेगळा नियम केला होता आणि तो लाल अक्षरांत छापून प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर लावायला लावला होता. कामगाराला त्याच्या तब्येतीबद्दल मालकाने विचारायचं नाही. दुसऱ्याकडून विचारून घ्यायचं नाही. नुसत्या संशयावरून त्याचं काम बदलायचं नाही, तास कमी करायचे नाहीत. पहिल्या तक्रारीला परवाना तीन महिने बंद, दुसरीला कायमचा. म्हणजे राज्य म्हणत होतं, डोळे उघडे ठेव नाहीतर आत जाशील. शहर म्हणत होतं, तोंड उघडलंस तर कुलूप लागेल. दोन्ही कायदे माणसांच्या भल्यासाठीच केलेले होते, हे छोटीलाही मान्य होतं. फक्त करणाऱ्यांनी एकमेकांना एक फोन केला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती जाऊबाईंकडे गेली. थोरली जाऊ वकील होती. औषधाच्या दुकानावर तिचं ऑफिस होतं आणि जिभेला धार अशी, की घरातले पुरुष तिच्याशी बोलताना आधी दोन वाक्यं मनात म्हणून बघत.

"जाऊबाई, समजा एखाद्या मालकाला—"

"समजा-बिमजा माझ्याकडे चालत नाही. मास्तर ना?"

छोटीचा चेहरा उतरला. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्याकडे साठीच्या पुढचं दुसरं आहे कोण? बोल. पण हे बघ, जे काय दिसलंय ते इथेच सांग. कुठे लिहू नकोस, नवऱ्याला सांगू नकोस, कारखान्यात तर अजिबात नको. जितक्या जणांना सांगशील तितके साक्षीदार."

छोटीने सांगितलं. सांगताना तिला आपण मास्तरांची चहाडी करतोय असं वाटलं. जाऊबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सगळ्यांचीच डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली तर?" छोटीने विचारलं. "एकट्याचं नाव नको."

"तपासणी म्हणजे विचारणंच. पालिकेने तसं वेगळं लिहिलंय."

"दुसरं काम दिलं तर? पगार तोच ठेवते. वाढवते हवा तर."

"संशयावरून काम बदललंस. आणि मग कापणार कोण? कापायचा दाखला तुझ्याकडे त्यांच्याशिवाय कुणाकडे नाही."

"नवं मशीन मागवलंय. त्याला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय पातं खालीच येत नाही."

"हे शहाण्यासारखं केलंस. कधी येतंय?"

"तीन महिने म्हणतात."

"मग तीन महिने तुला काही दिसलेलं नाही."

"डोळे मिटून बसू का मी?" छोटीचा आवाज चढला. "बोटं आहेत ती, जाऊबाई! आणि त्यांनी आपणहून सांगितलं तर?"

"आपणहून सांगितलं तर सुटलीस. त्यांच्याशी बोलून सगळं रीतसर करता येईल. पण तू काढून घ्यायचं नाहीस. आडून नाही, पाडून नाही."

छोटी खुर्चीच्या कडेला सरकली. मग म्हणाली, "माझं टेबल मशीनजवळ नेऊन ठेवलं तर? जवळ असले तर वेळेला निदान धावता येईल."

जाऊबाई पहिल्यांदा हसल्या. "टेबल कुठे ठेवावं यावर अजून कुणी कायदा केलेला नाही. ने."

जिना उतरताना छोटीला एक गोष्ट कळली आणि तिची तिलाच लाज वाटली. काल तो हात थरथरताना बघितला तेव्हा तिच्या मनात आधी तुरुंग आला होता, आणि मास्तरांची बोटं नंतर. ज्या हाताने तिला पहिली घडी घालायला शिकवलं, वडिलांना खांदा दिला, त्या हाताच्या आधी तिला स्वतःची काळजी वाटली होती. भीती माणसाला अशी लहान करून ठेवते. मग तिने मनाशी ठरवलं, की आपलं काय व्हायचं ते होवो, त्या हाताला काही होऊ द्यायचं नाही.

बुधवारी तिचं टेबल केबिनमधून बाहेर आलं आणि मशीनपासून आठ पावलांवर जाऊन बसलं. केबिनमध्ये उकडतं, असं तिने सगळ्यांना सांगितलं. ते कुणालाही पटलं नाही, कारण पंखा केबिनमध्ये होता आणि इथे नव्हता.

तेव्हापासून तिचे दिवस त्या पात्याबरोबर वर-खाली व्हायला लागले. ती बिलं पुढ्यात घ्यायची, पेन हातात धरायची आणि डोळे मास्तरांच्या डाव्या हातावर. गठ्ठा आत गेला की ती श्वास धरायची, खट् झालं की सोडायची. दिवसातून दोनशे-अडीचशे काप. घरी गेल्यावर भाजी चिरायला घेतली तरी तिचा जीव सुरीखालच्या स्वतःच्या बोटांत गोळा व्हायचा. नवरा म्हणाला, "तू हल्ली दचकतेस फार." त्यालाही सांगायची सोय नव्हती.

हात थरथरत होता. रोज नाही, पण थरथरत होता. पहिल्या आठवड्यात दोनदा, दुसऱ्यात रोज एकदा तरी. आणि मास्तरही बदलत चालले होते. आधी ते बाह्या दुमडून काम करायचे, आता मनगटापर्यंत बाह्या आणि वर बटण लावलेलं. चहाच्या वेळी डावा हात खिशात. शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणींची रोजची भांडणं सोडवणं हा त्यांचा आवडता उद्योग होता, त्यातूनही त्यांनी अंग काढून घेतलं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मशीन पुसत बसलेले असायचे. छोटीने हे सगळं मनात नोंदवलं आणि प्रत्येक नोंदीचा अर्थ एकच लावला, की दुखणं वाढतंय आणि मास्तर ते लपवताहेत.

एका गुरुवारी तिने कहर केला. सकाळी लवकर जाऊन मशीनचा फ्यूज काढला आणि पर्समध्ये टाकला. निदान एक दिवस तरी पातं हलणार नाही, एवढाच हिशोब. मास्तरांनी पेटी उघडली, आत बघितलं, मग सावकाश वळून तिच्याकडे बघितलं. कपाटातून दुसरा फ्यूज काढून त्यांनी दहा मिनिटांत मशीन चालू केलं. छोटीने बिलांत डोकं खुपसलं. आपल्याच मशीनची चोरी करणारी मालकीण आपण पहिलीच असू, असं तिला वाटलं आणि हसू यायच्या ऐवजी रडू आलं.

त्याच दुपारी, इतर सगळे डबे धुवायला गेले असताना, तिला राहवलं नाही.

"मास्तर, तुम्हाला काही सांगायचं असलं तर सांगा हं मला."

मास्तर डब्याचं झाकण लावत होते. "काय सांगायचं?"

"असंच. काहीही. मी काय परकी आहे का?"

"नाही बाई," ते म्हणाले. "सांगण्यासारखं काही नाही."

आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी त्यांनी तिला बाई म्हटलं. छोटीला ते फार लागलं. तिला वाटलं, दुखणं लपवायचं म्हणून हे आता मलाच लांब करताहेत. त्यांची नजर तिच्याकडे नव्हती. ती कोपऱ्यात रचून ठेवलेल्या पुस्तिकांवर होती.

एक तारीख उलटली. राज्याचा कायदा लागू झाला. त्यानंतरच्या शुक्रवारी पुस्तिकांचे शेवटचे गठ्ठे कापायचे राहिले होते आणि खात्याची गाडी चारला येणार होती. सव्वातीन वाजले होते. खळवाली बाई पुठ्ठ्यांना खळ लावत होती, बहिणी शेवटचे दोरे तोडत होत्या. मास्तर नेहमीपेक्षा भरभर हात चालवत होते आणि आठ पावलांवर छोटी पेनाचं टोपण चावत बसली होती.

गठ्ठा आत गेला. डावा हात वर आला. बोटं थरथरली, दोन नाही, या वेळी चारही. मास्तरांनी हात जोरात दाबून धरला, जसं काही तो आपला नाहीच, कुणा हट्टी पोराचा आहे. आणि तो हात तिथेच असताना उजवा हात दांड्याकडे गेला.

"मास्तर!"

कारखान्यात त्या मशीनवर अशी हाक कधीच कुणी मारली नव्हती. मास्तर दचकले, दांडा ओढला गेला, पातं खाली आलं.

खट्.

छोटी उठून उभी राहिली होती. तिला समोरचं काही दिसेना. मग तिला मास्तर दिसले, दोन पावलं मागे सरकलेले, डावा हात छातीशी धरून. हात अख्खा होता. पाची बोटं होती. सदऱ्याच्या बाहीची पट्टी बटणासकट कापली जाऊन कागदाच्या कपच्यांत पडली होती.

खळवालीच्या हातातल्या ब्रशमधून खळ तिच्या पायावर ठिबकत होती.

"हाक का मारलीत?" मास्तरांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

तीन आठवडे तिने दातांखाली धरून ठेवलेलं सगळं त्या क्षणी सुटलं. कायदा, पालिका, जाऊबाई, सगळं. सगळ्यांच्या देखत तिने विचारलं:

"मास्तर, तुमचा हात का थरथरतो?"

खळवालीची नजर आपोआप भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे गेली आणि पटकन खाली आली. प्रश्न विचारून झाला होता. आता तो परत घेता येणार नव्हता, आणि ऐकणारे चौघे होते.

मास्तरांनी फाटकी बाही खाली ओढली.

"तू बघतेस म्हणून," ते म्हणाले.

छोटी एक पाऊल पुढे आली.

"एकोणचाळीस वर्षं कापतोय. माझ्या हाताकडे कधी कुणी ढुंकून बघितलं नाही. आणि तीन आठवडे तू समोर टेबल मांडून बसलीयस. गठ्ठा चढवला की तुझे डोळे माझ्या बोटांवर. पान अठरा मीही वाचलंय. सगळी पानं माझ्याच हाताखालून जातात ना? तेव्हाच समजलो, बाई आता कारण जमवतेय. म्हातारा चुकला की काढायला मोकळी. फ्यूज काढून नेलास, तेव्हा तर खात्रीच पटली. त्या भीतीने कुणाचा हात थरथरणार नाही? घरी नाही थरथरत. तू बाहेर गेलीस की नाही थरथरत. विचार यांना."

मोठ्या बहिणीने लगेच मान डोलावली. धाकटी हातातल्या दोऱ्याकडे बघत राहिली.

"मी तुम्हाला काढणार नव्हते," छोटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मी फक्त—"

"मग ते टेबल आत ने," मास्तर म्हणाले. "चारला गाडी येईल. तीन गठ्ठे राहिलेत."

"आज राहू दे मास्तर. मी खात्याला फोन करते."

"का? मी धडधाकट नाही?"

या प्रश्नाला होय म्हणायचीही सोय नव्हती आणि नाही म्हणायचीही. छोटीने खळवालीला खूण केली. दोघींनी मिळून टेबल उचललं आणि केबिनमध्ये नेऊन ठेवलं. केबिनच्या काचेतून मशीन दिसत होतं, म्हणून छोटीने टेबल फिरवून भिंतीला लावलं आणि काचेकडे पाठ करून बसली. डोक्यावर पंखा फिरत होता. पहिल्यांदा तिला इतकं हलकं वाटलं की तिने चेहरा ओंजळीत धरला. मास्तरांना काही झालेलं नव्हतं. आपणच मूर्खासारखं त्यांच्या जिवाला घोर लावला होता. उद्या सकाळी त्यांच्या पाया पडायचं, असं तिने ठरवलं.

मग तिला तो पहिला सोमवार आठवला. तेव्हा टेबल नव्हतं, पाळत नव्हती. ती मशीनपाशी नुकतीच येऊन उभी राहिली होती. ती बघतेय म्हणून ती दोन बोटं थरथरली, की थरथरली म्हणून ती बघायला लागली? तिने खूप आठवून बघितलं. मास्तरांनी तोवर पान अठरा वाचलं होतं का? ती पानं घडीच्या टेबलावरून त्यांच्याकडे कधी गेली? आणि धाकटीने मान का डोलावली नाही?

मास्तर खरं बोलले असतील. पण खरंच दुखणं असतं, आणि त्यांना काम सोडायचं नसतं, तर तिचे डोळे आपल्या हातावरून कायमचे काढून टाकायला त्यांनी दुसरं कुठलं उत्तर दिलं असतं? कदाचित तिलाही वाचवायला. दिसत असून, असं लिहिलं होतं त्या पानावर. आता तिला दिसणार नव्हतं. विचारून तर झालंच होतं, पुन्हा विचारायला तोंड नव्हतं. आणि बघायला गेली, तर बघण्यानेच तो हात थरथरणार होता.

बाहेर मशीन सुरू झालं. मोटरचा घुमणारा आवाज काचेतून आत आला. एक गठ्ठा आत सरकवल्याचं तिला ऐकू आलं. मग थोपटल्याचा आवाज, डाव्या हाताचा, एकदा, दोनदा. तो हात आता तिथून निघाला की नाही, हे तिला वळल्याशिवाय कळणार नव्हतं.

खट्.

छोटी भिंतीकडे तोंड करून बसली होती. अजून दोन गठ्ठे राहिले होते, सोमवारपासून नवं काम होतं आणि दोन बटणांचं मशीन यायला सव्वादोन महिने होते. ती कुणाच्या तरी ओरडण्याची वाट बघत राहिली, आणि कुणी ओरडलं नाही म्हणून पुढच्या गठ्ठ्याची.